रकमेआधी सवलती वाचाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना बँकेत किती शिल्लक दाखवावी लागते, याविषयी आपल्या वाचकपत्रांच्या स्तंभात नुकतीच झालेली चर्चा मी आस्थेने वाचली. कॅनडाने विद्यार्थ्यांसाठीची ही रक्कम दुपटीहून अधिक केल्याचा संताप त्या पत्रांत होता आणि तो समजण्याजोगा आहे. मात्र काही पत्रलेखकांनी या वाढीची तुलना १९१४ मध्ये कॅनडाने हिंदुस्थानी प्रवाशांसह परत पाठवलेल्या ‘कोमागाटा मारू’ जहाजाच्या प्रकरणाशी करून शंभर वर्षांत काहीच बदलले नसल्याचा निष्कर्ष काढला, तो मला मान्य नाही. सहकारी बँकेत नोकरी करताना शिल्लक दाखले आणि सॉल्व्हन्सी सर्टिफिकेटे, म्हणजे ऐपतीचे दाखले, देणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता, आणि ही कागदपत्रे मागणारे नियम मुळात आले कुठून, याविषयीच्या कुतूहलापोटी निवृत्तीनंतर मी या विषयावर बरेच वाचले. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. प्रवेशासाठी पैशाची अट घालणारा कोणताही नियम समजून घ्यायचा, तर त्यातली रक्कम नंतर वाचावी आणि त्या रकमेतून कोणाला सूट दिली आहे ते आधी वाचावे.

कोमागाटा मारूची गोष्ट आपल्याकडे सहसा ‘अखंड प्रवासा’च्या नियमापुरती सांगितली जाते. जानेवारी १९०८ मध्ये कॅनडा सरकारने असा आदेश काढला की, जो माणूस जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून थेट, एकाच अखंड प्रवासाने आणि तिथेच काढलेल्या तिकिटावर येणार नाही, त्याला उतरू दिले जाणार नाही. हिंदुस्थानातून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अशी थेट सेवा उपलब्ध राहणार नाही, याचीही तजवीज करण्यात आली, त्यामुळे नियमात हिंदुस्थानचे नाव न घेता दार बंद झाले. ही हकिगत अनेकांना ठाऊक असते. त्याच वर्षी दुसरा आदेश निघाला, तो मात्र आपल्या लेखांतून जवळजवळ गायबच असतो. या दुसऱ्या आदेशानुसार आशियातून येणाऱ्या प्रत्येक स्थलांतरिताजवळ उतरताना स्वतःचे २०० डॉलर असणे सक्तीचे झाले.

आता या २०० डॉलरमधून सुटका कोणाची झाली ते पाहावे. ज्या आशियाई देशांशी कॅनडाचा करार होता किंवा ज्यांच्यासाठी वेगळा कायदा होता, त्या देशांच्या लोकांना हा आदेश लागू नव्हता. जपानशी १९०७ मध्येच समझोता होऊन तिथून येणाऱ्यांची संख्या जपाननेच मर्यादित ठेवायची असे ठरले होते. चिनी माणसांसाठी डोईपट्टीचा स्वतंत्र कायदा १८८५ पासून होता. ती पट्टी सुरुवातीला ५० डॉलर होती, १९०० मध्ये १०० झाली आणि १९०३ मध्ये तब्बल ५०० डॉलरवर नेऊन ठेवली गेली. जपानी आणि चिनी वगळले की त्या किनाऱ्यावर उतरू पाहणारे आशियाई म्हणून मुख्यतः हिंदुस्थानी, त्यातही पंजाबी, तेवढे उरत होते. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, त्यांच्यातले कित्येक जण साम्राज्याच्या फौजेत नोकरी करून आलेले होते, आणि नेमके याच कारणामुळे त्यांचे नाव घेऊन त्यांना बंदी करणे लंडन आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणी अडचणीचे ठरले असते. सवलतींची यादी अशी आखली की नाव न घेता काम भागले.

त्याच काळात युरोपातून येणाऱ्या स्थलांतरिताकडून कॅनडा उन्हाळ्यात २५ आणि हिवाळ्यात ५० डॉलर मागत होता. हिवाळ्यात काम मिळणे अवघड, म्हणून जास्त रक्कम, असा त्यामागचा हिशेब होता आणि तो हिशेब म्हणून रास्तही होता. शेतमजुरीसाठी किंवा घरकामासाठी येणाऱ्या आणि काम ठरलेल्या माणसांना तेवढ्यातूनही सूट होती, कारण देशाला त्यांची गरज होती. पंजाबी माणूसही लाकडाच्या गिरणीत किंवा शेतातच कामाला जाणार होता. परंतु ती सूट त्याच्यासाठी नव्हती. विनिमयाचा तेव्हाचा दर, म्हणजे एका पौंडाला १५ रुपये आणि सुमारे ४.८६ डॉलर, धरला तर २०० डॉलरचे सहाशेहून थोडे अधिक रुपये होतात. दिवसाला एक ते दोन डॉलर मजुरी मिळवू पाहणाऱ्या माणसाने जहाजाच्या भाड्याखेरीज एवढी रक्कम खिशात बाळगावी, अशी ती अपेक्षा होती. जमीन गहाण टाकून तिकिटाचे पैसे उभे केलेल्या माणसाला ती झेपणार नाही, हे आदेश काढणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

१९१३ मध्ये ‘पनामा मारू’ या जहाजाने आलेल्या ३९ हिंदुस्थानींचा खटला ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात चालला. आदेशांची शब्दरचना मूळ कायद्याशी जुळत नाही, या मुद्द्यावर मुख्य न्यायाधीश हंटर यांनी ते अवैध ठरवले. काही काळ दार उघडले. पण जानेवारी १९१४ मध्ये सरकारने शब्द नीट बसवून दोन्ही आदेश पुन्हा काढले. अखंड प्रवासाची अट एका आदेशात आली आणि २०० डॉलरची अट दुसऱ्यात. त्यामुळे मे १९१४ मध्ये बाबा गुरदित्तसिंग यांनी भाड्याने घेतलेले कोमागाटा मारू ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात आले, तेव्हा त्यांच्यासमोर एकामागे एक अशा दोन भिंती होत्या. पहिली कशीबशी ओलांडली असती तरी प्रत्येकी २०० डॉलरप्रमाणे ७५,२०० डॉलर उभे करावे लागले असते. किनाऱ्यावरच्या हिंदुस्थानी बांधवांनी जहाजाच्या भाड्याचे पैसे भरण्यासाठी वर्गणी काढली, वकील दिला, अपील लढवले. जुलैमध्ये अपील फेटाळले गेले. आधी कॅनडात राहिलेले मोजके प्रवासी आणि एका डॉक्टरचे कुटुंब सोडून बाकीच्यांना घेऊन जहाज २३ जुलैला परत निघाले. सप्टेंबरच्या अखेरीस हुगळीकाठच्या बजबज येथे झालेल्या गोळीबारात त्यांच्यापैकी सुमारे वीस जण मारले गेले. या प्रकाराचा जो परिणाम अमेरिकेतल्या हिंदुस्थानी क्रांतिकारकांच्या गदर पक्षावर झाला, त्याचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो, कारण १९१४ च्या अखेरीस उठावासाठी अमेरिकेतून परतलेल्या कार्यकर्त्यांत तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे होते आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

सवलतींवरून नियमाचा हेतू कळतो, याचे कॅनडाहून जुने आणि आपल्याला जवळचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीतले आहे. तिथल्या उसाच्या मळ्यांत करार संपलेल्या हिंदुस्थानी मजुरांवर १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. मूळ प्रस्ताव २५ पौंडांचा होता, तो तीनवर आला, म्हणून काहींना तो सौम्य वाटला असेल. कराराच्या पहिल्या वर्षी मजुराला महिन्याला दहा शिलिंग मिळत, म्हणजे तीन पौंड ही त्याची सहा महिन्यांची कमाई होती. पण खरी गोम सवलतीत होती. जो मजूर हिंदुस्थानात परत जाईल किंवा पुन्हा नवा करार करून मळ्यात राबेल, त्याला हा कर माफ होता. कराचा बोजा फक्त त्याच्यावर होता, जो स्वतंत्र माणूस म्हणून तिथे राहू पाहत होता. हा प्रवेशाचा नियम नव्हे, वास्तव्याचा होता, हे मान्य. तरी जात तीच. १९१२ मध्ये नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्या भेटीनंतर हा कर जाणार अशी त्यांची समजूत झाली होती. ते आश्वासन सरकारने नाकारल्यावर १९१३ चा संप आणि सत्याग्रह झाला आणि १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला.

पैशाच्या अटी केवळ आपल्यासाठीच होत्या, असा ग्रह मात्र होऊ नये. ब्रिटनने १९०५ मध्ये परकीयांसंबंधीचा कायदा केला, तो प्रामुख्याने रशियन साम्राज्यातून येणाऱ्या ज्यूंना डोळ्यांसमोर ठेवून. येणाऱ्याजवळ पाच पौंड आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे आणखी दोन पौंड हवेत, असा मापदंड अधिकाऱ्यांना घालून दिला होता. इथेही सवलत बोलकी आहे, कारण तपासणी जहाजाच्या खालच्या वर्गातून आलेल्या परकीयांची होत असे आणि केबिनमधून उतरणाऱ्याला कोणी पाकीट उघडायला सांगत नसे. दुसरी एक सवलत मात्र त्या कायद्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. धर्मासाठी किंवा राजकारणासाठी छळ होत असल्याने आश्रयाला आलेल्याला केवळ निर्धन म्हणून परत पाठवता येणार नव्हते. त्या सवलतीचा उपयोग किती उदारपणे झाला हा वेगळा विषय आहे, पण ती कायद्याच्या पुस्तकात होती.

अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. ‘सार्वजनिक खर्चावर भार होईल’ अशा माणसाला प्रवेश नाकारण्याची तरतूद तिथे १८८२ पासून आहे, मात्र रकमेचा आकडा कायद्यात नव्हता. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राचे आयुक्त विल्यम विल्यम्स यांनी असे जाहीर केले की पुढच्या मुक्कामाच्या रेल्वे तिकिटाशिवाय बहुतेकांजवळ किमान २५ डॉलर असावेत. कायद्यात नसलेला आकडा अशा रीतीने कचेरीत जन्माला आला आणि कोणाला सूट द्यायची ते तपासणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. माझ्या मते हा प्रकार कॅनडाच्या उघड भेदभावापेक्षा एका अर्थी अधिक त्रासदायक होता, कारण लेखी सवलत निदान न्यायालयात वाचून दाखवता येते. १९१५ मध्ये काही रशियन प्रजाजनांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एवढे स्पष्ट केले की, ज्या शहरात माणूस जाणार आहे तिथे कामे कमी आहेत, एवढ्यावरून त्याला ‘भार’ ठरवता येणार नाही. निकाल न्यायमूर्ती होम्स यांचा होता आणि तो अगदी थोडक्यात आहे.

आता आजच्या कॅनडाकडे येतो. विद्यार्थ्याने दाखवायची राहणीखर्चाची रक्कम तिथे वर्षानुवर्षे १०,००० कॅनेडियन डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ती २०,६३५ झाली आणि पुढे तीत आणखी वाढ होऊन ती २२,८९५ वर गेली. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च याशिवाय. रक्कम मोठी आहे, आणि मधल्या काळात ती वाढवलीच नाही म्हणून एकदम दुप्पट झाल्यासारखी अंगावर आली. पण ही रक्कम एकट्या राहणाऱ्या माणसाच्या अल्प उत्पन्नाच्या तिथल्या अधिकृत मर्यादेशी जोडलेली आहे आणि भारतीय विद्यार्थ्याला जी आहे तीच फ्रेंच किंवा ब्राझिलियन विद्यार्थ्यालाही आहे. १९०८ च्या नियमांत उन्हाळ्यात येणाऱ्या युरोपीय माणसाला २५ आणि पंजाबी माणसाला २०० अशी आठपट तफावत होती. इथे तशी तफावत नाही. या अटीमुळे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय मुलांची वाट अडते हे खरेच आहे, आणि त्यावर टीका जरूर करावी. पण बजबजला मेलेल्या माणसांची नावे त्या टीकेसाठी वापरू नयेत.

माझी तक्रार दुसऱ्याच ठिकाणी आहे, आणि ती रकमेपेक्षा पुराव्याच्या प्रकाराविषयी आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरावीक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. त्यात एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी नव्याने सुरू होते. पगारदार माणसाला हे जमते. पण आमच्या भागातल्या ऊस उत्पादकाचे पाहा. कारखान्याचे बिल खात्यावर जमा होते, पासबुकावर आकडा फुगलेला दिसतो, आणि दोन-चार दिवसांत विकास सोसायटीची पीककर्जाची वसुली त्याच खात्यातून वळती होते. शिल्लक अटीच्या खाली जाते. माणूस कफल्लक नसतो, पुढच्या हप्त्याचे बिलही येणार असते, परंतु दाखल्यावर तो कच्चा दिसतो. आणखी एक अडचण एकत्र कुटुंबाची. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव थोरल्या चुलत्याच्या नावावर असते, कारण व्यवहार तोच पाहतो. ब्रिटनच्या नियमांत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या अथवा कायदेशीर पालकाच्या नावावरचे पैसे चालतात, चुलत्याचे चालत नाहीत. मग ऐन वेळी ठेव मोडून, व्याज गमावून पैसे वडिलांच्या खात्यात फिरवायचे आणि २८ दिवस मोजत बसायचे. सातबारा, घरचे सोने, उभे पीक यांतले काहीही तिथे धरले जात नाही. काउंटरवर बसून मी हे समजावून सांगत असे आणि समोरचा माणूस म्हणत असे, “साहेब, पैसे आहेत तर खरे, मग नाहीत असं का म्हणतात?” त्याला माझ्याकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते.

त्याहून जाचक एक जुनी तरतूद होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत ब्रिटनच्या नियमांना जोडलेल्या एका परिशिष्टात अशा वित्तसंस्थांची यादी असे, ज्यांचे दाखले ग्राह्य धरले जाणार नाहीत. भारताच्या यादीत अनेक लहान आणि सहकारी बँका होत्या. दाखल्यांची खातरजमा करून मिळत नाही, हे त्यामागचे कारण होते आणि बनावट दाखल्यांचा सुळसुळाट पाहता ते निराधार म्हणता येणार नाही. पण ज्या महाराष्ट्रात गावच्या माणसाचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या सहकारी बँकेत आणि पतपेढीत राहत आले आहेत, तिथे या यादीचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. मोठ्या बँकेची शाखा असलेल्या गावचा माणूस त्या अटीतून आपोआप सुटत होता. नियमात लिहिलेली नसली तरी ही एक सवलतच होती.

पती-पत्नीच्या प्रवेशासाठी ब्रिटनने लावलेल्या अटीचे उदाहरणही याच पद्धतीने वाचावे. २०१२ पूर्वी निर्वाहाची सोय आहे एवढे दाखवणे पुरे असे, आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांची भरवशाची मदतही त्यासाठी धरता येईल असा निकाल दिला होता. जुलै २०१२ मध्ये तिथे राहणाऱ्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असावे अशी अट आली. नातेवाइकांची मदत मोजणे जवळपास बंद झाले आणि येणाऱ्या जोडीदाराला तिथे मिळू शकणारा पगारही धरायचा नाही असे ठरले. २०१७ मध्ये न्यायालयाने अट तत्त्वतः वैध ठरवली, पण त्या घरांतल्या मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत नसल्याबद्दल सरकारला सुनावले. एप्रिल २०२४ पासून हा आकडा २९,००० आहे, मात्र त्याआधीच या मार्गावर असलेल्यांना मुदतवाढीच्या वेळी जुनाच आकडा लागू राहतो. ही शेवटची सवलत बातम्यांत अनेकदा सुटते. मुंबई-पुण्याच्या ज्या मुली लग्न होऊन आधीच तिकडे गेल्या आहेत, त्यांचे आईवडील नवा आकडा वाचून उगाच हवालदिल होतात.

आपल्या सरकारचा हिशेबही इथे तपासायला हवा, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा देताना आपणही २०१० पासून वर्षाला २५,००० डॉलर पगाराची किमान अट घातली, आणि पुढे ती रुपयांत मोडून १६.२५ लाख केली. इथल्या माणसाला जमणाऱ्या कमी पगाराच्या कामांवर बाहेरचा माणूस येऊ नये, हा तिचा उघड उद्देश. सवलत कोणाला, तर परदेशी पद्धतीचे खाद्यपदार्थ करणारे आचारी, भाषाशिक्षक आणि दुभाषे, तसेच वकिलातींचे कर्मचारी यांना. या यादीवरून कोणत्याही एका देशाचा किंवा वंशाचा माणूस वेचून बाहेर काढलेला दिसत नाही, म्हणून मी तिला १९०८ च्या आदेशाच्या पंक्तीत बसवणार नाही. पण दुसऱ्या देशाने पगाराचा उंबरठा घातला की तो अपमान आणि आपण घातला की ते धोरण, हा दुटप्पीपणा आपल्या पत्रांतून तरी नसावा. आणि ज्या पिढीला १९६० आणि १९७० च्या दशकांत परकीय चलनाच्या टंचाईमुळे आपल्याच सरकारने अवघे आठ डॉलर देऊन अमेरिकेला पाठवले, तिला तिकडची पैशाची अट नातलगाच्या किंवा विद्यापीठाच्या हमीपत्रावरच पूर्ण करावी लागली, हेही या चर्चेत कोणी आठवलेले दिसले नाही.

यासंबंधी आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. शिक्षण आणि करिअरच्या पुरवणीत परदेशी व्हिसाच्या आर्थिक अटींची बातमी देताना केवळ नवा आकडा आणि त्याचे रुपयांतले रूपांतर छापू नये. तो कोणत्या तारखेनंतरच्या अर्जांना लागू आहे, कोणाच्या नावावरचे पैसे चालतात, किती दिवस ठेवावे लागतात आणि कोणाला त्यातून वगळले आहे, एवढी माहिती चार ओळींत मावते. ती नसल्यामुळे पालक एजंटाकडे धावतात, आणि एजंट त्यांना महिनाभरासाठी व्याजाने पैसे फिरवून ‘फंड दाखवण्याचा’ सल्ला देतो. त्यातून अर्ज फेटाळला जातो तो जातोच, शिवाय खोटी माहिती दिल्याचा शेरा पुढची अनेक वर्षे त्या मुलाच्या मागे लागू शकतो. सहकार खात्याने आणि बँकांच्या संघटनांनीही परदेशी दूतावासांना मान्य होईल असा एकसारखा नमुना दाखल्यासाठी ठरवावा आणि त्याची खातरजमा करून देणारा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमावा. दाखला देणाऱ्या शाखेचा फोन कोणी उचलला नाही म्हणून गावाकडच्या मुलाचा अर्ज अडू नये, एवढी सोय करणे आपल्याच हातात आहे.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
सातारा